पाचव्या सुरीची मूठ

"काकू, ही एक उलटी बसलीय," नकुल काचेच्या कपाटासमोर कंबरेवर हात ठेवून म्हणाला. "बाकीच्या चार राइटला फेस करतात, ही एकटीच लेफ्टला. फिरवता का प्लीज?"

"उलटी नाही. बरोबर बसलीय," संध्या म्हणाली आणि पक्कड पेटीत ठेवू लागली.

अमेरिकेत, ॲन आर्बरपासून पाऊण तासावरच्या त्या लहानशा संग्रहालयात संध्या एकोणीस वर्षं एकच काम करत आली होती. पितळेच्या तारा वाकवून वस्तूंना आधार, इथल्या भाषेत माउंट, करायचा. वस्तू हवेत उभी दिसली पाहिजे आणि तार कुणाच्या नजरेला पडता कामा नये. बाईही तशीच होती, आधार देणारी आणि नजरेला न पडणारी. पितळ ती नाशिकच्या तांबट आळीत वडिलांशेजारी बसून शिकली होती, पण इथल्या पीएच.डी.वाल्यांच्या गर्दीत शिक्षणाचा विषय निघाला की ती हळूच चहा टाकायला उठायची. नकुल तिचा साहेब. वय चौतीस, जन्म इथलाच. मराठी मंडळाच्या पंगतीत त्याचं वरणभातानं माखलेलं तोंड हिनंच पुसलेलं. त्यामुळे साहेब असूनही तो तिला काकू म्हणे, आणि काकू असूनही ती त्याचं निमूट ऐके. आजवर तरी.

कपाटातल्या पाच सुऱ्या अलास्काच्या किनाऱ्यावर, आठशे वर्षांपूर्वीच्या एकाच घराच्या जमिनीत सापडल्या होत्या. आजच्या इनुपियाक लोकांच्या पूर्वजांचं ते घर. व्हेलच्या फासळ्या, समुद्रानं आणून टाकलेली लाकडं आणि वरून गवताळ मातीची ढेकळं. या सुरीला तिकडे ऊलू म्हणतात. ही बायकांची सुरी. खाली अर्धगोल पातं, वर आडवी मूठ. विळीचं पातं काढून मुठीत धरावं तशी. सील सोलायचा हिनंच आणि पोरांच्या कपड्यांसाठी कातडं बेतायचं तेही हिनंच. मूठ वॉलरसच्या सुळ्याची आणि पातं पाटीच्या दगडाचं. शाळेतली पाटी होती ना, तोच दगड.

पाचव्या सुरीच्या मुठीला एका अंगाला अंगठ्यासाठी खळगा होता आणि दुसऱ्या अंगाला चार बोटांच्या खाचा. साठ वर्षांपूर्वी कुणा विद्वानानं वहीत नोंद केली होती: 'मूठ चुकीची कोरलेली. न वापरता टाकून दिलेला नमुना.' नकुलनं तेच लेबलवर छापून घेतलं होतं.

"हा खळगा भिंतीकडे गेला की सगळ्या एका लाइनीत येतील," तो म्हणाला. "कॅटलॉग प्रिंट झालाय काकू. फ्रायडेला ओपनिंग आहे."

"तू हातात धरून बघितलीस?"

"ऑफ कोर्स."

"कुठल्या हातात?"

संध्यानं निळे हातमोजे चढवले आणि सुरी अलगद काढून उजव्या हातात धरली. करंगळी पहिल्या बोटाच्या खाचेत गेली, पहिलं बोट करंगळीच्या अरुंद खाचेत अडकलं. मग तिनं सुरी डाव्या हातात घेतली. अंगठा खळग्यात बसला आणि चारही बोटं आपापल्या जागी गेली.

"आता पातं बघ. धार लावून लावून निम्मं झिजलंय. टाकून दिलेल्या सुरीला इतकी वर्षं कोण धार लावत बसतं रे?"

"मे बी यू आर राइट. पण एका गेसवर मी लेबल चेंज नाही करू शकत. इंटरप्रिटेशन इज माय जॉब, काकू. तुमचं काम माउंट."

त्यात चुकीचं काही नव्हतं, पण संध्याला ते झोंबलं.

ती डावखुरी आहे हे या देशात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही, दिगंबरलाही, लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. ती पहिलीत असताना आईनं परकराच्या नाडीनं तिचा डावा हात खिडकीच्या गजाला बांधला होता. रोज संध्याकाळी, बाराखडी पाटीवर उजव्या हातानं उमटेपर्यंत. असं तीन महिने चाललं. आई दुष्ट नव्हती. सासरी पोरीला नावं ठेवतील या धास्तीनं तिचा जीव अर्धा होई. तेव्हापासून उजवा हात लिहायला, वाढायला, चारचौघांत वावरायला. डावा फक्त कामाला, तोही दार लावून. इथला प्रत्येक आधार त्याच डाव्या हातानं वाकवलेला होता आणि प्रत्येक कागदावर सही उजव्यानं केलेली होती.

"नकुल," ती म्हणाली, "आठशे वर्षांपूर्वी एका घरात एक डावखुरी बाई होती. तिचा हात कुणी बांधला नाही. तिला तिच्या हाताची मूठ कोरून दिली. आणि तू तिला चूक म्हणतोस? मी नाही फिरवणार."

काकूंचा हा आवाज नकुलच्या ओळखीचा नव्हता. मग तो खालच्या पट्टीत म्हणाला, "काकू, जूनमध्ये तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला येतंय. लोक मला विचारतील. डोन्ट मेक इट हार्ड, यार."

"विचारू देत."

रात्री तिनं दिगंबरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एका सुरीपायी कशाला वाकडं घेतेस?" ती म्हणाली, "एकोणीस वर्षं सरळच घेतलं की." त्यानं उठून दोघांची ताटं वाढली.

गुरुवारी सकाळी अलास्काहून पाहुणे आले. इनुपियाक समाजाच्या जाणत्या मंडळींनी उद्घाटनाआधी सगळं बघायचं असं ठरलेलं होतं. त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्या ॲग्नेसबाई, सत्तरीच्या पुढच्या. संध्या मागून आली आणि कपाटासमोर थबकली. तिचा पितळी आधार काढून बाजूच्या टेबलावर टाकला होता; तो तिनं उचलून एप्रनच्या खिशात घातला. पाचवी सुरी प्लास्टिकच्या तुकड्यावर टेकवलेली होती. तोंड उजवीकडे, खळगा भिंतीकडे.

नकुल पाहुण्यांना लेबल वाचून दाखवत होता. "...चुकीची कोरलेली मूठ..."

"चुकीची नाही," संध्या म्हणाली. आपल्याच आवाजानं ती दचकली, पण थांबली नाही. "ती डाव्या हाताची आहे. उघडून बघा."

सगळे वळले. नकुलचे कान लाल झाले. ॲग्नेसबाईंनी कपाट उघडायला सांगितलं. त्यांच्याच पूर्वजांची वस्तू ती, त्यांना कोण अडवणार? त्यांनी उघड्या हातांनी सुरी उचलली, उजव्यातून डाव्यात घेतली आणि हवेतल्या हवेत एक कातडं कापलं.

"माझ्या मावशीची अशीच होती," त्या म्हणाल्या. "तिच्या भावानं करून दिली होती. आम्ही कुणी हात लावला की ओरडायची." मग त्यांनी लेबलाकडे बोट केलं. "हे काढा."

लेबल निघालं. संध्यानं एप्रनच्या खिशातून आपला आधार काढला आणि सगळ्यांदेखत, डाव्या हातानं, पाचवी सुरी तिच्या जागी बसवली. चार उजवीकडे बघणाऱ्या, एक डावीकडे. ॲग्नेसबाईंनी त्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. संध्या रडली थोडी, सगळ्यांदेखतच.

जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. पत्रात बजेटचं कारण होतं.

"काकू, आय स्वेअर, मी एचआरला तुमच्या अगेन्स्ट काहीच बोललो नाही," नकुल तिची पेटी गाडीपर्यंत नेताना म्हणाला.

"माहितेय. माझ्या बाजूनंही काही बोलला नाहीस," ती म्हणाली. "पेटी सांभाळून धर, आत वडिलांची हातोडी आहे."

मग ती ऑफिसात परतली. ओळखपत्र, किल्ल्या, एप्रन टेबलावर ठेवलं. तिथल्या मुलीनं शेवटचा कागद पुढे सरकवला. संध्यानं पेन उचललं आणि डाव्या हातात घेतलं. पहिलीतल्या पोरीसारखी जीभ दातांत धरून, सावकाश, मराठीत नाव लिहिलं. 'सं' कलंडला, 'ध्या'चा काना ओळीखाली घसरला.

मुलीनं कागद आणि कॉम्प्युटरचा पडदा आलटूनपालटून पाहिला. "सॉरी मॅम, ही सही आमच्या रेकॉर्डशी मॅच होत नाही."

"नाही होणार," संध्या म्हणाली. "पण माझी हीच आहे."

आणि तिनं पेनाचं टोपण लावलं.