कंस काढल्यावर

"ताई, आधी तो कंस काढा बरं," शेजारच्या खुर्चीवरची टीमलीडर म्हणाली. वयाने निम्मी, पण डोकं तल्लख.

ताई दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायच्या. रुग्णांच्या यादीवरून एकेक करत फिरायचं आणि प्रत्येकाला निरोप धाडायचा, असा त्यांचा लूप. लहान मुलांच्या घरी वेगळा निरोप, म्हाताऱ्यांना वेगळा. म्हणून ताईंनी प्रत्येक निरोपासाठी तोच लूप पुन्हा उतरवून काढला होता. ते पाहून टीमलीडरने कपाळाला हात लावला होता. "लूप एकच ठेवा. काय करायचं त्याचं फंक्शन त्याच्या हाती द्या. तो फिरेल आणि ज्याच्या-त्याच्यापाशी ते वापरेल."

ताईंनी दिलं, तरी गाडी अडलीच. चाचणीच्या फोनवर एकच निरोप आला, तोही बिननावाचा. उद्या तपासणीला या म्हणे. कोणी यायचं, पत्ता नाही!

"फंक्शनच्या नावापुढे कंस टाकलात की काम तिथंच होऊन जातं," टीमलीडर हसली. "लूप सुरू व्हायच्या आधीच तुम्ही ते उरकून मोकळ्या झालात. त्याच्या हाती काही उरलंच नाही. नुसतं नाव द्या, करायचं तेव्हा तो करेल."

ताईंनी कंस खोडला. लूप सुरळीत पळाला. आनंद व्हायचा सोडून ताईंना एकदम भरून आलं. त्यांना सकाळचे बाबा आठवले.

बाबा शिंपी. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात अडखळायचा. "हाताला काम द्या, नाहीतर कायमचा जाईल," व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. पण सकाळच्या घाईत बाबांची बोटं पहिल्या बटणाशी पोचेपर्यंत ताई सगळी बटणं लावून मोकळ्या. "हा हात आता शोभेपुरताच," बाबा आज म्हणाले होते, आणि ताईंनी ते हसण्यावारी नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांच्या हाती शर्ट दिला आणि निघायच्या चपला पायात घालूनच त्या समोर बसल्या.

"लावून दे ना गं. बस चुकेल तुझी."

"दुसरी येईल. तुम्ही लावा."

बाबांचं बोट काजावरून घसरलं, पुन्हा घसरलं. ताईंचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते पाठीमागे धरले. बस आली नि गेली. अखेर शेवटचं बटण लागलं आणि बाबांनी आरशात पाहिलं. गळ्याशी एक काज रिकामं होतं. सगळी ओळच सरकली होती.

ताई नकळत पुढे झाल्या.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकाला दटावायचे, तोच आवाज.

त्यांनी खालचं बटण सोडलं, मग त्याच्या वरचं. ताईंनी चपला काढून दाराशी ठेवल्या आणि परत येऊन बसल्या.