मांडीचा पट्टा

महाडातल्या बऱ्याच घरांप्रमाणे सकिनाखालाच्या घरातही एक नियम होता: आखातात गेलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. तो तिकडे उन्हातान्हात राबणार, त्याच्या जिवाला आणखी घोर कशाला? म्हणून खाला पायरीवरून पडली, गुडघ्याची वाटी फुटली, ऑपरेशन होऊन तार बसली, तरी मस्कतला मुलाला, उझैरला, ती मजेत आहे असंच सांगत राहिली. शेवटी शेजारच्या रेश्माने परस्पर त्याला फोन केला. उझैरने लगेच रजा टाकली, ईदनंतर येतो म्हणाला. खालाने रेश्माला चार शब्द सुनावले आणि मनातून दुवा दिली, कारण पोराचं तोंड पाहून तिला वर्षं झाली होती.

आता तिला एकच ध्यास लागला. पोरगा दारात येईल तेव्हा कुणाचा हात न धरता खुर्चीतून उठून पुढे व्हायचं. पण मांडी पार वाळली होती, आणि जड वजन गुडघ्याला सोसत नव्हतं. मग अस्मिता नावाची फिजिओ घरी येऊ लागली. डॉक्टरांना विचारून ती मांडीला वरच्या बाजूला बीपीच्या पट्ट्यासारखा रुंद पट्टा बांधायची, आकडा बघत हवा भरायची आणि पायाला हलकंसं वजन लावून पाय सरळ करायला सांगायची.

"एवढ्याशानं काय व्हनार गो?" खालाने विचारलं.

"पट्ट्यानं रक्त थोडं अडतं, खाला. मांडीला वाटतं, केवढं तरी ओझं उचललं. तिला ताकद येते आणि गुडघा सुखरूप राहतो."

मांडी नुसती पेटायची. खाला दातओठ खात पाय उचलायची. अस्मिता गेली की घर खायला उठायचं. नवरा जुल्फिकार वारल्यापासून बोलायला भिंतीच उरल्या होत्या. तरी खालाने उझैरची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं.

आणि एका दुपारी ती हात न टेकता उठली. खालाने अस्मिताला मोबाइलवर शूटिंग घ्यायला लावलं आणि उझैरला पाठवून दिलं. चांगली बातमी पोटात ठेवायची तिला सवयच नव्हती.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "अम्मी, एकदम फर्स्ट क्लास उठलीस. लय टेन्शन होतं मला. आता रजा कॅन्सल करतो, इथं माणसं कमी हायत. पुढच्या वर्षी बघू."

जिना अजून चढवत नाही, घरात जीव रमत नाही, सगळं ओठांवर आलं होतं. "काम सोडून नको येऊ," खाला म्हणाली, आणि वर हसलीही.

दुसऱ्या दिवशी अस्मिता आली तेव्हा खाला खुर्चीतच बसून होती. "आज नाय उठवत गो. अजून थोडे दिवस यायला लागंल तुला."

अस्मिताने मांडी चाचपली. ती चांगली भरली होती. तिने खालाकडे नीट पाहिलं. "उझैरभाई कधी येतायत?"

"नाय येत तो," खाला म्हणाली. "बरी झाले ना मी."