खुर्चीवरचा कोट

"वहिनी, तो कोट या नव्या दुभाषी पोरीला देऊन टाका की. अंगानं सारखीच आहे," दीर म्हणाला.

तोंडात टाचण्या होत्या म्हणून, नाहीतर शिंपीणबाईंनी त्याला तिथंच उभा फाडला असता. मैत्री समितीचा अध्यक्ष हा! समुद्रापलीकडचा तो समाजवादी देश जगात एकटा पडलेला, म्हणून हा इथं त्याच्यासाठी घसा फोडायचा; आणि बॅनर शिवून शिवून बोटांची चाळण व्हायची ती बाईंच्या.

टाचण्या काढून त्या म्हणाल्या, "सारखीच? उशीचा अभ्रा आहे का तो, भावोजी? मापानं शिवलाय."

माप मागच्या खेपेच्या दुभाषी पोरीचं. त्या देशाच्या पाहुण्यांबरोबर आली नि बाईंच्याच घरी उतरली. मशीनशेजारी बसून काजं करायला शिकली, जाईपर्यंत 'आई' म्हणू लागली. एक खांदा जरा खाली होता तिचा. "आमची थंडी हाडात शिरते," एवढंच म्हणाली होती, म्हणून बाईंनी कोट शिवून ठेवला. यंदा पाहुणे आले. ती नाही.

"कुठं आहे ती, विचारलंत?"

"असं विचारायचं नसतं, वहिनी. आधीच जग त्यांच्यावर टपलंय, त्यात आपणच खुसपटं काढायची?"

"जितंजागतं माणूस म्हणजे खुसपट?"

सभेआधी चहा होता. बाई थेट प्रमुख पाहुण्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. नव्या दुभाषीला म्हणाल्या, "विचार यांना, मागच्या वेळची पोर कुठं आहे?"

नवीचा चेहरा पांढराफटक पडला. पाहुण्याकडे वळून ती काहीतरी पुटपुटली. पाहुणा खुलला, कप उंचावून हसला.

"चहा... चहा आवडला म्हणतात," नवी खाली बघत म्हणाली.

दिरानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच.

घाबरलेल्या नवीवर काय रागवायचं? बाईंच्या मस्तकात गेल्या त्या टाळ्या.

सभागृहात त्यांनी पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या पाठीवर कोट चढवला. सगळी बटणं लावली.

"वहिनी, खुर्ची पाहुण्यांची आहे!"

"पाहुणीचीच आहे."

लोक बघायला लागले, तसा दीर व्यासपीठावर चढला. अतूट मैत्रीवर बोलू लागला. नवी शेजारी उभी राहून भाषांतर करत होती. नजर पहिल्या रांगेकडे गेली की अडखळत होती.

कोटाचा एक खांदा जरा खाली होता.