एकेचाळिसावा मथळा

मोठे दीर आणि धाकटी सून यांच्यात विस्तव जात नव्हता, हे कारखान्याच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. गीझर बनवणारा घरचाच कारखाना. सासरे गेल्यावर त्यांच्या केबिनमध्ये मोठे दीर बसले, यंत्रं आणि कॉम्प्युटर धाकटीच्या नवऱ्याने सांभाळले, आणि वेबसाइट, तक्रारी, फोन असं जे कुणालाच नको होतं ते धाकटीच्या गळ्यात पडलं.

भांडण पेटलं ते एका सूचनेवरून. जुन्या एका मॉडेलचा थर्मोस्टॅट अडकायचा. पाणी तापतच राहायचं आणि नळ उघडला की उकळतं अंगावर यायचं. सुटा भाग फुकट बदलून देतो, अशी सूचना वेबसाइटवर टाकणं कायद्याने भाग होतं. दिरांनी ती टाकली. पण टाकली कुठे? ‘माहिती व सेवा’ नावाच्या मारुतीच्या शेपटासारख्या पानावर, एकेचाळिसाव्या मथळ्याखाली. वर ‘उपलब्ध रंग’, खाली ‘खोक्याची विल्हेवाट’.

“भाऊजी, ही वर घ्यायला हवी,” धाकटी म्हणाली.

“पानावर आहे ना? कायदा म्हणतो, पानावर हवी. कुठे हवी ते म्हणत नाही.”

“लोकांना सापडणार कशी?”

“गरज असेल तो शोधेल. तुला इथे अक्कल शिकवायला बसवलेलं नाही.”

धाकटीने वाद घातला नाही. तिने पानाच्या कोडमध्ये प्रत्येक मथळ्याला एकेक नाव दिलं आणि पानाच्या डोक्यावर त्या सगळ्यांची यादी लावली. नाव दाबलं की पान थेट त्या मथळ्यावर जायचं. एकेचाळिसाव्याला तिने नाव दिलं होतं ‘उकळतं-पाणी’.

यादी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली.

“पान उघडल्या उघडल्या गिऱ्हाइकाला उकळतं पाणी दाखवतेस?” दीर तिच्या टेबलाशी येऊन गरजले. सगळं ऑफिस माना खाली घालून ऐकत होतं. “बापाने उभं केलेलं तू पाण्यात घालवणार!”

यादी गेली. पण मथळ्यांची नावं कोडमध्ये तशीच राहिली होती, आणि ती दिरांना दिसणारी गोष्ट नव्हती. पानाच्या पत्त्यापुढे हॅशचं चिन्ह आणि ते नाव जोडलं की लिंक नेमकी सूचनेवर उघडे. धाकटीने त्या मॉडेलची वॉरंटी नोंदवलेली माणसं शोधली आणि दोनशे बारा जणांना मेलने ती लिंक पाठवली. माणसं फोन करू लागली. सुटे भाग भराभर संपू लागले, तेव्हा दिरांच्या लक्षात आलं. या वेळी ते तिच्या टेबलाशी गरजायला आले नाहीत. धाकटीला वाटलं, बरी खोड मोडली.

पुढच्या महिन्यात फोन आटले. सगळ्यांचं बदलून झालं नसणार, हे खरं तर तिला उमगायला हवं होतं.

मग एका सकाळी एक निवृत्त शिक्षिका ऑफिसात आल्या. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये.

“मेल तुम्हीच पाठवलीत ना?” त्यांनी धाकटीला विचारलं. “जरा उशिराच उघडली. लिंक दाबली तर फीत कापणारे कुणी म्हातारे गृहस्थ दिसले. म्हटलं, जाहिरात. बंद केलं. चार दिवसांनी हे.” त्यांनी हात किंचित उचलला.

फीत कापणारे म्हणजे सासरे. तो फोटो पानाच्या अगदी वर होता. म्हणजे लिंक सूचनेवर उघडलीच नव्हती.

बाई थांबल्या नाहीत, सरळ केबिनमध्ये गेल्या. “सूचना कुठे लिहिलीय, दाखवा.”

“आहे की पानावर!” दिरांनी तोऱ्यात माउस धरला. पान खाली सरकू लागलं. रंग आले, खोकी आली, मधली सूचना नजरेतून निसटली. ते परत वर गेले. पुन्हा खाली. त्यांच्या कपाळावर घाम आला. बाई उभ्याच होत्या.

“ही साइट हीच बघते,” दीर अखेर धाकटीकडे बोट करून म्हणाले. “हिनेच काहीतरी बिघडवलंय.”

चोर तो चोर, वर शिरजोर! धाकटीने आपला लॅपटॉप त्यांच्या टेबलावर आपटलाच. कोड उघडला. मथळ्याचं नाव आता ‘उकळते-पाणी’ होतं. एक अनुस्वार गेला होता, एक मात्रा आली होती. नाव जुळलं नाही की लिंक चूक दाखवत नाही; मुकाट्याने पान वरून उघडते. शेजारी बदलाची तारीख होती, आणि बदल करणाऱ्याचं नाव. तिच्या नवऱ्याचं.

नवरा आवाज ऐकून दारात येऊन उभा होता.

“शुद्धलेखन सुधारलं,” दीर घाईने म्हणाले. “त्यात काय एवढं?”

“तीस वर्षं मी शुद्धलेखनच तपासलंय,” बाई म्हणाल्या. “त्याने कुणाचा हात भाजल्याचं ऐकलं नाही.”

“मी बदललं,” नवरा पुटपुटला. “दादा म्हणाला म्हणून.”

“वर्गात मुलं असंच म्हणायची. ती दहा वर्षांची असायची.”

बाईंनी रीतसर तक्रार केली. आठवड्याभरात सरकारी तपासनीस येऊन गेला आणि सूचना पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत लागली. मथळ्याला जुनं नाव मिळालं, लिंक चालू लागल्या. दिरांनी धाकटीशी बोलणं टाकलं. काम असलं की चिठ्ठी पाठवत. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

खरी लढाई घरात झाली.

“दादा मला बाहेर काढणार होता,” नवरा म्हणाला. “मी काय करायला हवं होतं?”

“मला सांगायला हवं होतंस. हाकेच्या अंतरावर बसते मी.”

“चुकलं म्हणतोय ना!”

“मला नको म्हणूस. एक्याऐंशी जण राहिलेत. फोन तू करायचेस. लिंक मी बिघडवली, असं स्वतःच्या तोंडाने सांगायचंस.”

“आणि त्यांनी शिव्या घातल्या तर?”

“ऐकायच्या.”

सोमवारी तो फोन घेऊन बसला. पहिल्याने अर्ध्यातच फोन आपटला. दुसऱ्या बाई इतक्या मोठ्याने बोलल्या की धाकटीला शब्द न् शब्द ऐकू आला. तिसऱ्या फोनआधी त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्यासमोरची यादी उचलली, दोन नावांवर काट मारली आणि यादी परत त्याच्यापुढे सरकवली.