भरल्या गाडीचा उतार

सावळारामला आपल्या मुलाचा राग यायला कारण लागत नसे. पण त्या वर्षी कारण आयतंच मिळालं होतं, आणि ते कांद्याच्या बराखीत एका टेबलाला घट्ट आवळून बसवलेलं होतं. आदेशनं गाड्यांच्या खेळासाठी स्टेअरिंग आणलं होतं. खाली तीन पेडल, समोर टीव्ही, कडेला गेराचा दांडा आणि हँडब्रेक. पिंपरी पेंढारच्या शिवारात बराख बांधतात ती कांदा साठवायला. तिथं बसून चांगला हातापायानं धड पोरगा रोज संध्याकाळी बर्फात गाडी पळवतो, हे सावळारामच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं.

"अण्णा, एकदा बसून तर बघा," आदेश म्हणायचा. "बर्फावर गाडी कशी जाती ते हाताला कळतंय. स्टेअरिंग एकदम हलकं पडतं. हलकं पडलं की समजायचं, चाकाची पकड सुटली."

"तू बर्फ कुठं बघितलास रे? रसवंतीवाल्याच्या गोणपाटातला?"

"न्हाई बघितला. पण ज्यांनी बघितलाय ते म्हणत्यात, लई खरं वाटतंय."

"खोट्याला खरं म्हणायला खोटारडेच लागत्यात."

तरीही एकदा तो बसला. शेजारचा गेणभाऊ कांद्याच्या गोण्या उसन्या न्यायला आला होता, आणि त्याच्यादेखत नाही म्हणणं सावळारामला कमीपणाचं वाटलं. त्यानं धोतर सावरलं, स्टेअरिंग धरलं आणि पायाखालचं पेडल दाबलं ते दाबूनच ठेवलं. पडद्यावरची लाल गाडी पांढऱ्या रस्त्यावर दोनदा गिरकी घेऊन सरळ झाडांत घुसली. हातातलं चाक असं थरथरलं की सावळारामनं ते इंगळी चावल्यासारखं सोडून दिलं.

गेणभाऊ गोण्यांवर बसून पोट धरून हसला. "सावळा, जन्मभर पिकअप हाकलीस, आन् टीव्हीतली गाडी झाडावर घातलीस व्हय! आता झाडाची भरपाई कोण देणार?"

"ही गाडी हाय व्हय?" सावळाराम उठला. "आमच्या काळ्या रानातला आषाढातला चिखल चालवून दाखव म्हणावं ह्या खेळवाल्याला. गुडघाभर चिखलातनं भरलेली गाडी काढलीया मी. पाय काढायचा न्हाई, रेटत राहायचं, गाडी निघती. बर्फ म्हंजे काय, गार चिखल!"

"अण्णा, बर्फात उलटं असतंय. रेटलं की गेलं."

"मला शिकवतो?"

विषय तिथं संपला, म्हणजे सावळारामनं संपवला. पण गेणभाऊनं ती गोष्ट गावात पोचवली आणि आठवडाभर जो तो विचारायचा, "काय सावळाराम, झाड कसं हाय?" तो राग त्याच्या पोटात तसाच मुरत पडला.

फेब्रुवारी सरता सरता काळ्या द्राक्षांची तोड सुरू झाली. बाग आदेशनं उभी केली होती. जमीन बापाची, पण खड्डे, तारा, कलमं, छाटणी सगळं पोराचं. एवढं मात्र सावळाराम मनात कबूल करायचा, तोंडानं नाही. त्या दिवशी सकाळी तोडणाऱ्या बायकांनी निम्मी बाग उरकली. घड देठाला धरूनच कापायचे, मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावरची पांढरट लव पुसली गेली की परदेशात जाणारा माल बाजारातला होतो. क्रेट भरून शेडमध्ये पिकअपवर चढवले. राहिलेली निम्मी उद्या तोडायची होती.

दुपारी वारा पडला. मग पश्चिमेकडून आभाळ असं आलं की त्याच्या बायकोनं, चिमाबाईनं, वाळत घातलेली कापडं न काढताच सावळारामला हाक मारली. पहिली गार पत्र्यावर पडली तेव्हा कुणी दगड मारला असं वाटलं. मग बोलणं ऐकू येईना. तिघंही शेडमध्ये पिकअपला खेटून उभे राहिले आणि समोरची बाग बघत राहिले. पानं आधी फाटली, मग गळाली, मग नुसत्या काड्या आणि तारा राहिल्या. मणी फुटून खाली रस सांडत होता आणि त्याचा गोड वास शेडपर्यंत येत होता. तो वास सावळारामला कधीच विसरता येणार नव्हता.

थांबलं तेव्हा सगळीकडे पांढरं होतं. रान, बांध, रस्ता. बाभळींच्या खाली तर गारांचे वीतभर ढीग.

आदेश बांधावर जाऊन एकदा बागेकडं बघून आला. डोळे लाल होते. सावळाराम घसा फाडून ओरडत होता, कुणावर ते त्यालाच ठाऊक नव्हतं. आभाळावर, हवामानवाल्यांवर, सगळी बाग एका दिवसात का तोडली नाही म्हणून तोडणाऱ्या बायकांवर.

तेवढ्यात फोन वाजला. द्राक्षं परदेशी धाडणाऱ्या आळेफाट्याच्या पॅकहाऊसवरचा सुनील होता.

"अण्णा, तुमच्याकडं गारा झाल्याचं कळलं. सकाळी तोडलेला माल सुका हाय ना? पाचाच्या आत पोचवा. त्यानंतर तुमच्या गावची गाडी आत घेऊ नका म्हणून शेठनी सांगितलंय. लोक गारंतला माल चांगल्यात घुसडत्यात."

वर्षभराच्या कष्टातलं जे वाचलं होतं ते पिकअपवर होतं. तेवढंच. पाचाला अजून बराच वेळ होता आणि आळेफाटा काही लांब नाही. पण मध्ये ओढ्याचा उतार होता. खाली अरुंद मोरी, तिला कठडा नाही, आणि पलीकडे तितकाच उभा चढ. आणि ते सगळं पांढरंशुभ्र.

"अवं, जरा दम धरा," चिमाबाई म्हणाली. "ऊन पडतंय. घटकाभरात पाणी व्हईल त्याचं."

"घटकाभरात तिथं रांग लागंल! साऱ्या गावाला फोन गेला असंल. तुला काय कळतंय?"

आदेश रस्त्याकडं बघत होता. "मी नेतो," तो म्हणाला. "मला जमंल. हळूच दुसऱ्या गेरात उतरायची. ब्रेक न्हाई, एक्सलेटर न्हाई. मी असल्या उतारावर शंभरदा..."

"कुठं? बराखीत?"

"हां, बराखीतच! पण तुमी एकदा तरी गेलाय का असल्या रस्त्यानं?"

पोराच्या डोळ्यांत त्या पांढऱ्या रस्त्याकडं बघताना काहीतरी चमकलं होतं, ते सावळारामनं टिपलं. मागं बाग उघडी पडलीय आणि ह्याला रस्ता दिसतोय! त्याच्या मस्तकात तिडीक गेली. त्यानं आदेशला बाजूला ढकललं आणि स्वतः चालवायला बसला.

"खेळ न्हाई हा. ही खरी गाडी हाय आन् खरा माल हाय. बसायचं तर गप बस."

आदेश शेजारी बसला. चिमाबाई मागनं काहीतरी म्हणाली, ते दोघांनीही ऐकलं नाही.

उताराच्या तोंडाशी गेणभाऊ आणि चारपाच जण उभे होते. कुणाचीही गाडी पुढं जात नव्हती. सगळे मोबाईलवर फोटो काढत होते. "काश्मीर झालंय, राव!" कुणीतरी म्हणालं. सावळारामची पिकअप बघून गेणभाऊ पुढं आला. नेहमीची मस्करी त्याच्या तोंडावर नव्हती; त्याचीही बाग गेली होती.

"सावळा, थांब रं. उन्हानं उतरंल ते."

पण 'थांब' म्हणणारा गेणभाऊ होता, आणि त्याच्यामागं सगळे बघत होते. सावळाराम थांबला नाही.

सुरुवातीचं अंतर गाडी बरी गेली. चाकाखाली गारा कुरकुरत होत्या, वाळूवरनं गेल्यासारख्या. सावळारामला धीर आला. समोरचा चढ दिसत होता आणि चिखलातला चढ चढायचा तर वरूनच वेग घ्यावा लागतो, हे त्याच्या पायाला डोक्याआधी माहीत होतं. पायानं एक्सलेटर दाबला.

"अण्णा, पाय काढा."

"गप."

"स्टेअरिंग हलकं झालं न्हाई का? पाय काढा म्हणतो ना!"

हलकं झालं होतं. हातात काहीच नसल्यासारखं. ते सावळारामला कळलं, आणि पोरगं म्हणत होतं तसंच ते झालं याचाच त्याला एवढा संताप आला की पाय काढायचा तो त्यानं आणखी दाबला. गाडी रस्ता सोडून तिरकी सरकायला लागली, सावकाश, म्हशीनं पाण्यात शिरावं तशी. मग मात्र घाबरून त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. काहीच झालं नाही. गाडी सरकतच राहिली.

आणि आदेशनं हँडब्रेक ओढला.

त्याच्या हाताला सवय होती. खेळात असं वळण आलं की हँडब्रेक ओढायचा, गाडीचं बूड फिरतं, तोंड रस्त्यावर येतं, आणि सुटतो माणूस. इथंही बूड फिरलं. पण खेळातल्या त्या लाल गाडीच्या पाठीवर द्राक्षं नव्हती. सारं ओझं मागं होतं आणि एकदा फिरलेलं ओझं थांबायला तयार नव्हतं. पिकअप आडवी झाली, मोरीच्या कडेवरून मागची चाकं उतरली, आणि ती हळूच, जणू कुणी कुशीवर निजवल्यासारखी, ओढ्यात कलंडली. समोरची काच फुटली. क्रेट एकावर एक पाण्यात गेले.

दोघांनाही खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. फुटलेल्या काचेतनं बाहेर आले ते भांडतच.

"हँडब्रेक कुणी ओढला? सांग! कुणी ओढला?"

"आन् एक्सलेटर कुणी दाबला? दहादा सांगितलं पाय काढा म्हणून!"

"मी काढत व्हतो गाडी! चढावर घातली असती मी!"

"ओढ्यात घातली! बराखीत झाडावर घातली, इथं ओढ्यात घातली!"

"तुझ्या त्या खेळाला आग लाव! त्यानंच वाटोळं केलं. टीव्हीत बघून हँडब्रेक ओढतो गाढव!"

"खेळात जे हाय तेच झालं अण्णा! हलकं पडलं का न्हाई स्टेअरिंग? पडलं का न्हाई?"

सावळारामनं हात उगारला. आदेश मागं हटला नाही. ज्या हातानं हँडब्रेक ओढला होता, तो मात्र त्यानं पाठीमागं नेला. वरनं गेणभाऊ ओरडला, "अरे, पोरगं जिवंत हाय ते बघ आधी! मारतो कुणाला?" तेव्हा सावळारामचा हात खाली आला, पण तोंड थांबलं नाही. तो गेणभाऊवर तोंडसुख घेऊ लागला, मोरीला कठडा न बांधणाऱ्यांवर घेऊ लागला, आणि हे चालू असताना ऊन तापलं.

फेब्रुवारीतलं ऊन ते. बघता बघता उतारावरचा पांढरा रंग फाटला. आधी मधला काळा पट्टा दिसला, मग कडा, आणि बाभळींखालचे ढीग सोडले तर रस्ता पावसानं धुतल्यासारखा ओला काळा झाला. वर थांबलेल्यांपैकी एकानं गाडी सुरू केली आणि तो उतार उतरून, मोरीवरनं, पलीकडचा चढ चढून आळेफाट्याला निघून गेला. खाली ओढ्याच्या काठाला उभे असलेले बाप-लेक त्या गाडीकडं बघत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. "निघालात का, अण्णा?" सुनील विचारत होता. "पाचाला अजून अवकाश हाय. आरामात या."

सावळारामनं ओढ्याकडं बघितलं. काळे घड पाण्याबरोबर वाहत मोरीच्या तोंडाशी गोळा झाले होते. लव धुऊन गेल्यानं ते चकाकत होते.

"माल गेला," तो म्हणाला. "गारांनी गेला सगळा."

त्यानं फोन ठेवला. वरचे लोक ऐकत होते. त्यांच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नसतं. ज्याची त्याची बाग त्या दिवशी गेली होती, आणि एका माणसानं आणखी थोडं गारांच्या नावावर घातलं तर कुणाचं काय जाणार होतं? पण आदेश म्हणाला, "गारांनी न्हाई."

"काय?"

"गारांनी बाग नेली. हे आपण घालवलं, अण्णा. आई थांबा म्हणत व्हती."

सावळारामनं शिवी तयार ठेवली होती. पोरगं 'तुमी घालवलं' म्हणणार, हे तो धरूनच चालला होता आणि त्याचं उत्तर जिभेवर होतं. ते आता कशावर मारावं त्याला कळेना. त्यामुळं तो आणखीच भडकला. एवढ्यात आदेश पाण्यात उतरला आणि अडकलेला क्रेट ओढायला लागला.

"वर हो!" सावळाराम एवढ्यानं ओरडला की गेणभाऊ दचकला. "काय करतो त्या क्रेटाचं? चपला कुठं हायेत तुझ्या? काचा हायेत खाली, गाढवा, काचा!"

"तुमच्या तरी कुठं हायेत?"

सावळारामनं खाली बघितलं. त्याचेही पाय उघडेच होते, गार पाण्यातनं येऊन पांढरे पडलेले. हे ऐकून तर त्याचं डोकं पुरतं फिरलं. तो दाणदाण पाय आपटत पाण्यात शिरला, पोराच्या हातातनं क्रेट हिसकावून घेतला, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या दंडाला धरून त्याला काठाकडं रेटू लागला. तोंडानं शिव्या चालूच होत्या. काठावरचे लोक एकेक करून खाली उतरले. काही क्रेटांना लागले, काही पिकअपला, आणि शिव्या कुणाला लागतायत ते कुणीच विचारलं नाही.