पांढरी बॉर्डर

या व्यवहारात साहेबांना मिळण्यासारखं बरंच होतं: विभागप्रमुखपद, काचेची केबिन आणि दार लावून घोरायची सोय. वहिनींना एकच गोष्ट हवी होती, कायम नोकरी. वहिनी म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टर. सगळं ऑफिस त्यांना वहिनीच म्हणे. त्यांनी ‘पास’ म्हटल्याशिवाय काम गिऱ्हाईकाकडे जात नसे.

काम होतं साहेबांच्या लायब्ररीचं, म्हणजे कुठल्याही स्क्रीनसाठी वापरता येणाऱ्या तयार कोडचं. स्क्रीनवरच्या प्रत्येक व्ह्यूभोवती, म्हणजे मजकुराच्या चौकोनाभोवती, बॉर्डर काढायची, तिच्याबाहेर मार्जिन सोडायचं. साहेबांनी घाईत बॉर्डर व्ह्यूच्या आतच काढली आणि मजकुराची जागा मोजताना तिची जाडी वजा करायला विसरले. औषधांच्या दुकानासाठी केलेल्या स्क्रीनवर शेवटची ओळ कापली गेली. अक्षरांच्या शिरोरेषा तेवढ्या उरल्या.

मापं सुधारायची तर सगळे स्क्रीन पुन्हा लावावे लागणार, आणि बढती ठरवणारी, गिऱ्हाईकासमोरची बैठक उद्यावर. साहेबांनी चिप्सची बोटं चाटली, तीच कीबोर्डवर ठेवली आणि खालची बॉर्डर आणखी जाड करून तिला पांढरा रंग दिला. पांढऱ्यावर पांढरं. बॉर्डर दिसेना, ओळही दिसेना. बघणाऱ्याला वाटावं, मार्जिनच आहे.

“बघा, कसं मोकळं मोकळं वाटतंय!”

“मोकळं कसलं, ओळ गेली की,” वहिनी म्हणाल्या. “‘उपाशीपोटी घेऊ नये’ लिहिलं होतं तिथे.”

“वहिनी, घरीसुद्धा पातेल्याचा तळ बघत बसता का?”

“बसते ना, भाऊजी. म्हणून तर लोक पुन्हा जेवायला येतात.”

सगळे हसले. साहेबही हसले, दातांत चिप्सचा लगदा. मग आवाज खाली आणून म्हणाले, “कायम व्हायचंय ना? पास म्हणा.”

“नाही म्हणणार. किळस येते मला.”

मघाशी हसलेले आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसले. पास साहेबांनी स्वतःच देऊन टाकला. बैठकीत गिऱ्हाईक म्हणालं, “किती स्वच्छ!” साहेबांनी लाजून दाखवलं. वहिनींचा करार पुढे वाढला नाही. त्यांच्या निरोपाचा केक साहेबांनीच कापला आणि मोठा तुकडा आपल्याच तोंडात कोंबला.

आता जमाखर्च. केबिन साहेबांना. वहिनी दारोदार काम शोधताहेत. दुकानात औषधं देणाऱ्या बाईंनी स्क्रीनवर होतं तेवढं एका आजोबांना वाचून दाखवलं. आजोबांनी गोळी उपाशीपोटी घेतली आणि तक्रार करायला आले ते काउंटरवरच भडाभडा ओकले. ते बाईंनी पुसलं. मालकाची बोलणीही बाईंनीच खाल्ली.