वीतभर उंचीवरून

साहेब, तुम्ही माझ्यावर 'नादुरुस्त' असा शिक्का मारलात. मी नादुरुस्त नव्हतो. तुम्ही खोटं लिहिलंत.

मित्रांनो, मी एक जुना पोलादी ठोकळा आहे. सुरुंगाच्या दारूच्या कारखान्यात, चाचणीच्या खोलीत मी दोन दांड्यांमध्ये टांगलेला असे. खाली ऐरण, तिच्यावर चिमूटभर भुकटी. खटका ओढला की मी पडायचो. किती उंचीवरून पडल्यावर भुकटी उडते, ते सांगणं एवढंच माझं काम.

पडताना मात्र वेळ लांबत जाई. खोली धूसर होई आणि मला भुकटीच्या आतलं दिसे. प्रत्येक रेणू म्हणजे हात धरून झोपलेली भावंडं. ऊब लागली तर ती नुसती कूस बदलत. माझा भार आला की धरलेले हात पिरगळत, ताणले जात. एक हात सुटला की सगळी घरंच्या घरं जागी होत.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. रोज सकाळी मला मऊ फडक्यानं पुसून त्या म्हणायच्या, "चला ठोकोबा, खरं बोला." त्यांचा धाकटा भाऊ पलीकडच्या खोलीत दाबयंत्रावर भुकटीच्या वड्या पाडायचा. डबा खाताना तो चिडवी, "ताई, भावजींपेक्षा हा ठोकोबाच तुझं जास्त ऐकतो."

"आणि घोरत नाही," ताई म्हणत.

एकदा नवी भुकटी आली. एरवी हातभर उंची लागायची. ही वीतभरावरूनच कडाडली. ताईंनी मला दहादा पाडलं. दहाही वेळा तेच. त्या कागद घेऊन साहेबांकडे गेल्या आणि त्यांना माझ्यासमोर घेऊन आल्या.

"भट्टीच्या चाचणीत तासभर तापवूनही टिकली की ती," साहेब म्हणाले.

"भट्टीत नुसती तापते, साहेब. दाबयंत्रात पिळवटते. ज्या उबेत ती गाढ झोपते, त्याच उबेत दाबली की तुटते."

"तुमचा ठोकळा म्हातारा झालाय, बाई."

"तिथे माझा भाऊ आहे!"

"मग सांगा त्याला, जपून दाब म्हणावं."

दुपारी भिंत हादरली. भाऊ वाचला, कान गेले. अहवालात लिहिलं: कामगारानं जादा दाब दिला, चाचणीचं साधन नादुरुस्त.

आता मी कोठाराचं दार अडवून ठेवतो. कधी ताई येतात, ओढणीच्या टोकानं मला पुसतात. भाऊ माझ्यावर तळवा ठेवतो आणि उगाचच मोठ्यानं म्हणतो, "बोल की रे, ठोकोबा!"

मित्रांनो, जुन्या साधनांना जपा. वाईट बातमी आणली म्हणून त्यांना म्हातारं ठरवू नका.

आणि साहेब, त्या भुकटीची बाटली अजून तुमच्या कपाटात आहे. मला पुन्हा दांड्यांत चढवा. वीतभरच. ऐरणीवर ती भुकटी ठेवा आणि शेजारी तुम्ही स्वतः उभे राहा.

राहाल? हो की नाही, तेवढं सांगा.